एरंडेलातून सूक्ष्म नळ्या: गावच्या कॉलेजात करता येईल असा प्रयोग, पायरीपायरीने

पाण्यात रेणू आपणहून रांगेत लागतात, त्यांचे पापुद्रे होतात आणि पापुद्र्यांच्या पोकळ नळ्या. त्या नळीत दुसरा एखादा पदार्थ, रसायनशास्त्राच्या भाषेत ‘पाहुणा’, ठेवता येतो का, हे तपासायला परदेशी प्रयोगशाळा लागत नाही. पुसद, दारव्हा, मूर्तिजापूर, आर्वी अशा गावांतल्या बी.एस्सी.-एम.एस्सी.च्या मुलांना हा प्रकल्प एका सत्रात करता येतो. मात्र नळी तयार होणं हा त्यातला सोपा भाग आहे, एका दिवस-रात्रीचं काम. पाहुणा खरोखर नळीच्या आत बसला, की नुसता बाहेर चिकटला, की पाण्यातच फिरतोय, हे दाखवणं हाच खरा प्रयोग. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्यावर आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मेदरेणूंच्या नळ्यांचं पहिलं ठळक वर्णन १९८४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतून आलं. १९९३ मध्ये घदिरी यांच्या गटाने चक्राकार पेप्टाइड एकावर एक रचून नळ्या केल्या. २००३ मध्ये रेचेस आणि गाझित यांनी डायफिनिलअॅलनिन या साध्या दोन-अमिनो-आम्लांच्या रेणूपासून त्या मिळवल्या. जपानमध्ये त्सुकुबाच्या एआयएसटी संस्थेत तोशिमी शिमिझु यांच्या गटाने साखर आणि मेदाम्ल जोडलेल्या रेणूंवर बरीच वर्षं काम केलं. या साऱ्या खटाटोपाचं कारण पोकळीच्या मापात आहे. औषधात वापरतात त्या सायक्लोडेक्स्ट्रिनची पोकळी एक नॅनोमीटरहूनही लहान, त्यात एखादाच छोटा रेणू मावतो. नळीची पोकळी दहापट-शंभरपट रुंद, म्हणजे प्रथिनं किंवा धातूचे नॅनोकण तिथे सहज जातात.

यातल्या बहुतेक पद्धती आपल्या कामाच्या नाहीत. डायफिनिलअॅलनिनला हेक्साफ्लुरोआयसोप्रोपेनॉल नावाचा महागडा, कातडी जाळणारा द्रावक लागतो. शर्करा-मेदांचं संश्लेषण पदव्युत्तर मुलांनाही जड जाईल. आपल्याला जमेल असा मार्ग फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवला: १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल आणि एथनॉलअमाइन. २००६ मध्ये त्यांनी या नळ्यांचा व्यास तापमानानुसार बदलतो हे प्रसिद्ध केलं. २०११ मध्ये याच आम्लाच्या, पण हेक्सानॉलअमाइन वापरून केलेल्या नळ्यांनी त्यांनी सहा महिन्यांहून जास्त टिकणारा फेस मिळवला. ६० अंशांवर नेला की फेस बसतो, थंड केला की पुन्हा टिकाऊ होतो.

हे आम्ल एरंडेलातून येतं. एरंडेलातल्या मेदाम्लांपैकी ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असतं. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून मग जलअपघटन केलं की आपलं आम्ल मिळतं. एरंडीचं खरं राज्य गुजरातेत, आपल्याकडे ती बांधावर आणि नाल्याकाठी उगवते, तरी ती घाण्यातून काढून हायड्रोजन देण्याच्या भानगडीत पडू नका. तयार आम्ल रसायन विक्रेत्याकडून मागवा.

सामान जमवताना

१२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल २५ ग्रॅम पुरे. एथनॉलअमाइनची छोटी बाटली घ्या. जुनी, पिवळी पडलेली बाटली वापरू नका. हे द्रव हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि मग मोजमाप चुकतं. ते क्षारक आहे, कातडी आणि डोळे दोन्हींना घातक. हातमोजे आणि चष्मा लागेलच, आणि उन्हाळ्यात घामामुळे मुलं चष्मा काढून ठेवतात, त्याकडे सरांनी लक्ष द्यावं.

फ्लुरोसिन सोडियम हा हिरवट चमकणारा रंग, डायलिसिसची सेल्युलोज नळी (हिच्या बारीक छिद्रांतून रंगाचे रेणू बाहेर जातात, आपल्या मोठ्या नळ्या आतच राहतात), ४९० नॅनोमीटरचा फिल्टर असलेला कलरिमीटर, पीएच मीटर, पाण्याची तापपेटी आणि सूक्ष्मदर्शक एवढं हवं. डायलिसिसची नळी प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र विभागात पडलेली असते. एक साधा थर्मास फ्लास्कही लागेल. तो कशाला, ते पुढे येतं.

आम्लाची शुद्धता आधी तपासा. शुद्ध आम्ल ७५ अंशांच्या आसपास वितळतं. व्यापारी मालात स्टिअरिक आणि पामिटिक आम्ल मिसळलेलं असतं, तेव्हा वितळणं खालून सुरू होतं आणि चार-पाच अंश रेंगाळतं. असं दिसलं तर गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून पुन्हा स्फटिक करा. हेक्सेन किंवा टोल्युइन घेऊ नका, कारण हे आम्ल अशा द्रावकांत जेल बांधण्यासाठीच प्रसिद्ध आहे. गाळणीत घट्ट गोळा बसला की अर्धा दिवस साफसफाईत जातो.

पाणी: इथे विदर्भातले निम्मे प्रयोग फसतात

आपण जे करतोय ते मुळात साबणच आहे, फक्त सोडियमच्या जागी एथनॉलअमाइन. म्हणून साबणाचा शत्रू तोच याचा शत्रू. कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या बोअरच्या पाण्यात आम्लाचा न विरघळणारा साका होतो आणि पांढऱ्या गुठळ्या दिसतात. नवख्या नजरेला त्याच ‘नळ्या’ वाटतात. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या त्या पट्ट्यात, पाण्यात मीठही भरपूर. नळ्यांच्या भिंतीवर ऋण भार असतो. जास्त मिठाने तो झाकला जातो आणि रचना बिघडते.

डिस्टिल्ड पाणीच वापरा, आणि ते खरंच डिस्टिल्ड आहे का ते पाहा. बी.एस्सी.त करता तीच ईडीटीएची चाचणी: थोडं पाणी, अमोनिया बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी. निळा रंग आला तर पाणी चालेल, वाइनसारखा लाल आला तर नाही. गॅरेजवर मिळणारं बॅटरीचं पाणीही याच चाचणीतून जाऊ द्या. काचसामान शेवटी डिस्टिल्ड पाण्याने विसळा. नळाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवलेल्या चंचुपात्रावरचा पांढरा थरसुद्धा घात करतो.

नळ्या करणं

एक टक्क्याचं ५० मिली द्रावण करू. आम्लाचा रेणुभार ३००.५, म्हणजे ०.५ ग्रॅम आम्ल हे १.६६ मिलीमोल. एथनॉलअमाइन (रेणुभार ६१.१) तितकेच मोल हवं, म्हणजे सुमारे १०२ मिलीग्रॅम. एवढं थोडं थेट तोलण्याऐवजी १ मोलर द्रावण करून ठेवा: ६.११ ग्रॅम एथनॉलअमाइन १०० मिली पाण्यात. त्यातलं १.६६ मिली पिपेटने घ्या, आणि पिपेट तोंडाने ओढायचं नाही.

शंकुपात्रात आम्ल, ४८.३ मिली पाणी आणि एथनॉलअमाइन घाला. तोंड झाकून ७५ ते ८० अंशांच्या पाण्यात ठेवा आणि मधून मधून फिरवा. पांढरी पूड हळूहळू नाहीशी होऊन द्रावण स्वच्छ व्हायला हवं. या तापमानाला नळ्या नसतात, रेणूंचे बारीक गोलक, म्हणजे मायसेल, असतात. तळाला किंवा वर कण शिल्लक राहिले तर आम्ल जास्त झालंय किंवा एथनॉलअमाइन जुनं आहे. अंदाजाने आणखी थेंब टाकत बसू नका, पुन्हा तोला.

आता थंड करणं. तापपेटी बंद करून पात्र तिच्यातच सोडलं तर उत्तम, पण लाइट कधी जाईल याचा भरवसा नसतो आणि दर वेळी थंड होण्याचा वेग वेगळा पडला तर निकाल जुळत नाहीत. थर्मास इथे कामी येतो. त्यात ७५ अंशांचं पाणी भरा, द्रावण झाकणाच्या परीक्षानळीत घेऊन त्यात बुडवा, बूच लावा आणि रात्रभर विसरा. सकाळी द्रावण दुधट आणि किंचित दाट दिसेल.

रेणूंची दुहेरी पापुद्र्यांची पत्री होते आणि अनेक पत्र्यांचा थर नळीच्या आकारात बंद होतो, गुंडाळलेल्या चटईसारखा. पापुद्र्यांच्या मधे पाण्याचे पातळ थर असतात. बाराव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट यात महत्त्वाचा आहे. त्याची खात्री करायची असेल तर हाच प्रयोग साध्या स्टिअरिक आम्लाने समांतर करा. तो गट नसला की काय मिळतं, हे सूक्ष्मदर्शकाखाली मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.

एक सावधगिरी ऋतूची. संशोधन लेखात ‘खोलीचं तापमान’ म्हणजे २० ते २५ अंश. मे महिन्यात अकोला किंवा चंद्रपूरच्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत तेच तापमान ४२ असतं, आणि या नळ्यांचा व्यास तर तापमानावर अवलंबून. त्यामुळे हा प्रकल्प नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. उन्हाळ्यातच करायचा असेल तर प्रत्येक नोंदीपुढे द्रावणाचं तापमान लिहा.

बघणं

या नळ्यांचा व्यास अर्धा मायक्रोमीटरहून थोडा जास्त, सुमारे ६०० नॅनोमीटर, आणि लांबी कित्येक मायक्रोमीटर. काटेकोर अर्थाने १०० नॅनोमीटरखालचंच नॅनो म्हणायचं तर या त्यात बसत नाहीत, आणि प्रकल्पाच्या शीर्षकात ते खोटं मिरवू नये. पण हेच आपल्या पथ्यावर पडतं: साध्या सूक्ष्मदर्शकाला ०.२ ते ०.३ मायक्रोमीटरपर्यंत दिसतं, तेव्हा ४० पटीच्या भिंगाखाली नळ्या बारीक दोऱ्यांसारख्या नजरेस पडतात. कंडेन्सरचा पडदा बराच मिटा, नाहीतर उजेडात काहीच दिसणार नाही. फेज कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट वस्तू ठळक दाखवणारी सोय, असेल तर काम सोपं.

भौतिकशास्त्र विभागातून मॅलसच्या नियमाचे दोन पोलरॉइड मागून आणा. एक काचपट्टीखाली, एक नेत्रिकेवर, एकमेकांना काटकोनात. पार्श्वभूमी काळी होते आणि थरांची रचना असलेल्या गोष्टी उजळतात. साक्याचे आम्लस्फटिकही उजळतात, म्हणून आकार पाहूनच ठरवा: सरळ, समान जाडीचे दोरे हवेत, काट्याकुट्यांचे पुंजके नकोत.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची हौस असते. नागपूरला व्हीएनआयटीत किंवा मुंबईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात नमुना पाठवता येतो, पण या मऊ नळ्या वाळवल्या की चपट्या होतात. गोठवून पाहण्याची सोय असेल तरच पैसे घालवा.

पाहुणा निवडणं

वर्ध्याच्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे मुलांचा पहिला हट्ट कुरकुमिनचा असतो. दुसरा कडुनिंबाचा, कारण निंबोळी अर्क घरोघरी फवारतात. दोन्हींत अडचण एकच: आपलं द्रावण क्षारीय आहे, पीएच ९ च्या वर. कुरकुमिन क्षारात लाल होतं आणि भराभर मोडतं, अगदी ७.२ पीएचलाही त्याचा बराचसा भाग अर्ध्या तासात नष्ट होतो. निंबातलं अॅझाडिरॅक्टिनही क्षारात टिकत नाही. हे रंग-वास नळीत ‘भरले’ असं लिहिण्यात अर्थ नाही. हां, कुरकुमिनचा रंग नळ्यांसोबत आणि नळ्यांशिवाय किती वेगाने उडतो, हा प्रश्न घेतलात तर मात्र तो प्रामाणिक आणि चांगला प्रकल्प होईल.

कीटकनाशक पाहुणा म्हणून घेऊ नका, कुणीही सुचवलं तरी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती शेतकरी आणि मजूर दगावले ते आपण विसरलेलो नाही. विषारी द्रव्याला नव्या वेष्टनात घालून त्याचं वागणं बदलण्याचा खेळ कॉलेजच्या प्रयोगशाळेत नको, शेतात तर नकोच.

मेथिलीन ब्ल्यू सगळीकडे मिळतं, पण ते धन भाराचं. ऋण भाराच्या भिंतीला बाहेरूनच चिकटतं आणि डायलिसिसच्या पिशवीलाही. नळ्या सुरेख निळ्या दिसतात, मुलं खूश होतात, आणि सिद्ध काहीच होत नाही. सुदान थ्री तेलाळ असल्याने पापुद्र्यात शिरू शकतं, पण थंड होताना त्याचे लाल स्फटिक बाहेर पडतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली शोधूनच बोला.

म्हणून फ्लुरोसिन. क्षारीय पाण्यात त्यावर ऋण भार असतो, भिंतीवरही ऋण भार, दोघांचं जमत नाही. चिकटण्याची शक्यता जवळजवळ मिटली की जे अडकून राहील ते नळीतल्या पाण्यातच, असं म्हणायला आधार मिळतो.

चार बाटल्या

फ्लुरोसिन सोडियमचं (रेणुभार ३७६) साठाद्रावण करा: ३८ मिलीग्रॅम १०० मिली पाण्यात. बाटलीला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा, उजेडात हा रंग उडतो.

‘अ’ बाटलीत ०.५ ग्रॅम आम्ल, १.६६ मिली एथनॉलअमाइन द्रावण, ५ मिली रंग आणि ४३.३ मिली पाणी एकत्र तापवून थर्मासमध्ये थंड करा. इथे नळ्या बनतानाच रंग हजर होता. ‘ब’ मध्ये तेच सगळं, पण रंग वगळून ४५ मिलीत नळ्या आधी तयार करा आणि थंड झाल्यावर ५ मिली रंग हळुवार मिसळा. ‘क’ मध्ये आम्ल नाही. फक्त रंग आणि पाणी, आणि एथनॉलअमाइन इतकंच की पीएच ‘अ’ इतका यावा. ‘ड’ मध्ये नळ्या आहेत पण रंग नाही. ही चौथी बाटली मुलं हमखास गाळतात. ती नसेल तर दुधटपणामुळे कलरिमीटर जे वाचन दाखवतो ते रंगाचं की गढूळपणाचं, हे कळणार नाही.

सेल्युलोज नळीचे तुकडे कोमट डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास भिजवा, एक टोक दोनदा गाठ मारून बंद करा, पाणी भरून गळत नाही ना ते पाहा. प्रत्येकीत ५ मिली द्रावण भरा आणि प्रत्येक पिशवी १०० मिली पाण्यात सोडा. बाहेरच्या पाण्याचा पीएचही एथनॉलअमाइनचे थेंब टाकून आतल्याइतका करून घ्यायचा, नाहीतर क्षार बाहेर निघून जातो, आत आम्ल साकळतं आणि नळ्याच मोडतात. चुंबकीय ढवळणी हळू ठेवा. लाइट गेली तर वेळ नोंदवून काचकांडीने ढवळत राहा.

१५, ३० आणि ६० मिनिटांनी, मग दर तासाने, बाहेरचं ३ मिली पाणी घेऊन ४९० नॅनोमीटरला वाचा आणि परत ओता. पुढचं वाचन आधीच्याइतकंच येऊ लागलं की रंगाचं बाहेर पडणं संपलं.

‘क’ ला अडवणारं काही नाही. त्याचा शेवटचा आकडा म्हणजे पूर्ण मोकळा रंग. समजा तो ०.३६ आला, आणि ‘अ’ चा ‘ड’ वजा करून ०.३३. तर अडकलेला भाग (०.३६ − ०.३३) ÷ ०.३६, म्हणजे सुमारे ८ टक्के. पण लगेच उड्या मारू नका, ‘ब’ चा आकडा पाहा. ‘ब’ सुद्धा ०.३३ असेल तर रंग बनतानाच आत कोंडला गेला हे म्हणता येत नाही. एकतर तो नंतरही उघड्या तोंडातून आत शिरला किंवा कुठेतरी चिकटला. ‘ब’ ची एक पिशवी रंग मिसळल्याबरोबर लावा आणि दुसरी रात्रभर ठेवून लावा. ताज्या ‘ब’ मध्ये काहीच अडकलं नाही आणि शिळ्या ‘ब’ ने ‘अ’ गाठला, तर नळ्यांची तोंडं उघडी आहेत आणि पाहुणा हळूहळू आत जातो, असा चांगला निष्कर्ष निघतो.

आकडा लहान येईल हे आधीच मनाशी धरा. एक टक्का मेद असलेल्या द्रावणात बहुतेक पाणी नळ्यांच्या बाहेरच असतं. भिंतीला न चिकटणारा रंग ९० टक्के अडकला असं कुणी लिहून आणलं, तर पिशवीची गाठ किंवा ‘ड’ चं वाचन कुठेतरी गडबडलं आहे.

तापवून उलटतपासणी

पाहुणा आत होता याचा सगळ्यात जोरकस पुरावा म्हणजे घर मोडल्यावर तो बाहेर येणं. वाचन स्थिर झाल्यावर ‘अ’, ‘क’ आणि ‘ड’ ची चंचुपात्रं पिशव्यांसकट ७५ अंशांवर न्या आणि अर्धा तास ठेवा. नळ्या विरघळून मायसेल होतात. बाहेरचं पाणी गरम असतानाच नमुन्याला काढा, थंड करा, वाचा. ‘अ’ चं वाचन ‘क’ पर्यंत चढलं तर बरोबर. चढलं नाही तर तुटीचं कारण दुसरं होतं. थंड झालेला नमुना किंचित दुधट दिसू शकतो, कारण थोडं मेद पिशवीबाहेर पडतं. त्यासाठीच ‘ड’ लाही हीच वागणूक द्यायची.

नळ्या नेमक्या किती अंशांना मोडतात ते वेगळ्या नळीत द्रावण हळूहळू तापवून पाहा. दुधटपणा कोणत्या अंशाला जातो आणि थंड करताना कोणत्या अंशाला परततो, दोन्ही लिहा. हे दोन आकडे एक येत नाहीत, आणि ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेतल्या परीक्षकांना त्यावर बोलायला आवडतं.

सगळं मिळून तीन वेगवेगळ्या दिवशी, आम्ल नव्याने तोलून, पुन्हा करा. एकाच पात्रातल्या द्रावणाची तीन वाचनं म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

उरलेलं

द्रावण मोरीत ओतू नका. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ३ च्या आसपास आणला की १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल पांढऱ्या गोळ्यांनी वर येतं. रंग नसलेल्या ‘ड’ मधलं आणि सरावाच्या द्रावणांतलं आम्ल वेगळं गाळा, डिस्टिल्ड पाण्याने क्लोराइड जाईपर्यंत धुवा, सावलीत वाळवा आणि अल्कोहोलमधून स्फटिक करून पुन्हा वापरा. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर धुवण गढूळ झालं नाही की क्लोराइड गेलं. रंगीत माल वेगळ्या बाटलीत, चिठ्ठीवर तारीख घालून ठेवा. पुढच्या तुकडीला सूक्ष्मदर्शकावर सराव करायला तो चालतो, मोजमापाला नाही. परत मिळवलेल्या आम्लाचा वितळणबिंदू पुन्हा पाहा आणि तो ७५ च्या आसपास नीट आला तरच मूळ बाटलीत मिसळा.